मोडलेल्या कानांसाठी इअरफोन

माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. डावा पुरता, उजवा अर्धा.

ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांना हे सांगायला लागतं. कुस्तीत समोरच्याचं डोकं, खांदा, मनगट रोज कानावर घासतं. एक दिवस कानात रक्त साकळतं आणि कान भज्यासारखा फुगतो. डॉक्टर सुईनं ते रक्त काढून देतात, पण आम्ही काढू द्यायचो नाही. मग ते आतल्या आत कडक होतं आणि कानाची खोलगट वाटी भरून जाते, ती कायमची. माझा डावा कान सतराव्या वर्षी मोडला. पंचवटीतल्या आमच्या वस्तादांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "आता दिसतो बघ गडी पैलवान." मखमलाबादला आमच्या मळ्यात वडील भेंडी तोडत होते. त्यांनी काम थांबवलं, शेजारच्या मळ्यातल्या दोघांना हाक मारली आणि त्यांना माझा कान दाखवला. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

बाविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी इगतपुरीच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर म्हणून लागलो. तोवर लग्न होऊन आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत राहायला आलो होतो. सकाळी नाशिकरोडहून गाडी, संध्याकाळी परत. देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी. पासवाल्यांचा आमचा डबा ठरलेला, जागाही ठरलेली.

शाळेत संगीताचे एक सर होते, निवृत्तीला पाचसहा वर्षं राहिलेले. एके दिवशी मैदानावरची कवायत संपवून मी स्टाफरूममध्ये आलो तर ते पेटीवर एक पट्टी दाबून बसले होते.

"पैलवान, जरा 'सावधान' म्हणा."

मी म्हटलं. खिडकीबाहेर दोन पोरं खरोखर ताठ उभी राहिली.

"बघा," सर म्हणाले, "काळी एक. गेला महिनाभर मी इथं बसून ऐकतोय. तुमचा 'सावधान' रोज याच पट्टीत येतो. एकदाही हलला नाही. गाणं शिका."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा आवरता घेऊन मी त्यांच्या समोर जाऊन बसलो, आणि मग बसतच गेलो. नव्वद किलोचा माणूस डोळे मिटून सा लावतोय हे बघायला पोरं दाराशी गर्दी करायची. सर त्यांना हाकलायचे नाहीत. "लाज गेली की गळा मोकळा होतो," असं म्हणायचे.

वर्षभरानं भूपातली एक छोटी बंदिश बसली. शाळेत तबला नव्हता, म्हणून सर हातानं टाळी धरायचे. टाळीवर मी बरोबर यायचो. सरांचे एक मित्र घोटीला तबला वाजवायचे. गुरुपौर्णिमेला सरांनी त्यांना शाळेत बोलावलं आणि मला गायला बसवलं. दुसऱ्याच आवर्तनात मी भरकटलो. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर मी भलतीकडेच पोचलो. तबलजींनी दोनदा सावरून घेतलं, तिसऱ्यांदा हात थांबवले. आखाड्यात मी पाचपन्नास वेळा चीत झालो असेन, पण असं तोंड लपवावंसं कधी वाटलं नव्हतं.

सरांनी दुसऱ्या दिवशी एक कॅसेट हातात ठेवली. मित्राकडून त्रितालाचा ठेका वाजवून घेतला होता, त्यावर स्वतः पेटी धरली होती. म्हणाले, "गाडीत रोज दोन तास जातात ना तुमचे? हे ऐका. डग्ग्याकडे, म्हणजे डाव्या हाताकडे, लक्ष ठेवा. निम्म्यात तो गप्प होतो, त्या जागेला म्हणतात खाली. पुन्हा घुमायला लागला की सम जवळ आली."

घरी ऐकायची सोय नव्हती. दोन खोल्या, पोरांचा अभ्यास, आणि रविवारी मी मळ्यात भावाच्या मदतीला. म्हणून वॉकमन घेतला. त्याच्याबरोबर डोक्यावरून जाणारी तारेची पट्टी आणि दोन्हीकडे स्पंजच्या चकत्या आल्या. माझे कडक कान त्या चकत्यांखाली असे दाबले जायचे की लहवित येईपर्यंत ठणकायला लागायचे. अस्वलीला मी ते काढून मांडीवर ठेवायचो आणि वाकून ऐकायचो.

मग कानात ठेवायच्या गोल बटणांचे इअरफोन आणले. ती बटणं बसतात कानाच्या वाटीत, आणि माझ्या कानांना वाटीच नाही. डावं तर हात सोडला की खाली. बायकोनं त्यांना कापूस गुंडाळून पाहिला. मग चिकटपट्टी झाली. मग तिनं लोकरीची एक पट्टी विणली, ती दोन्ही कानांवरून डोक्याला बांधायची. एप्रिलच्या उन्हाळ्यात लोकर बांधून बसलेला पैलवान बघून पत्ते खेळणारे पासवाले म्हणाले, "काय सर, इगतपुरीला बर्फ पडतंय का?" मीही हसलो. पण दात काढून हसायची ती गोष्ट नव्हती. एवढं करूनही मला ऐकू यायचं ते फक्त तबल्याचं टकटक. धा काय आणि ता काय, सगळं सारखंच.

"सर, डग्गा ऐकूच येत नाही," मी एकदा वैतागून म्हणालो.

सरांनी वॉकमन घेतला, तीच बटणं स्वतःच्या कानात बसवली आणि मान डोलवायला लागले. "अहो, घुमतोय की चांगला."

तेव्हा लख्ख कळलं. कॅसेट ठीक होती, इअरफोन ठीक होते. कानाशी फट राहते आणि त्या फटीतून डग्गा निघून जातो. उरतो तो नुसता तबला. आणि डग्गा काढून घेतला तर धिं आणि तिं यांत फरक काय उरणार? मी दोन वर्षं खाली कुठं आहे ते न कळता सम शोधत होतो.

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्या कानांकडे पाहिलं आणि पाकीट न उघडताच म्हणाला, "काका, असल्या कानाला काही बसायचं नाही. तुम्ही रेडिओ घ्या." मागचं गिऱ्हाईक हसलं. ज्या कानांसाठी वडिलांनी शेजाऱ्यांना हाक मारली होती, ते झाकून घ्यावेसे वाटायला लागले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच कोपऱ्यातली सीट पकडली, डावा कान खिडकीकडे करून.

असं आणखी वर्षदीड वर्ष गेलं. मग एकदा गाडीत समोर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीच्या कानात मी नवीनच प्रकार पाहिला. बटण नव्हतंच. टोकाला मऊ रबराची टोपी, आणि ती सरळ कानाच्या भोकात गेलेली. मी विचारलं तशी तिनं काढून दाखवला. "हा आतच बसतो काका. बाहेर काही टेकायला लागत नाही."

बाहेर काही टेकायला लागत नाही! घोटीपर्यंत मी तेवढंच घोकत होतो.

पण भीती होती. मोडलेल्या कानात काही खुपसायचं म्हणजे उद्या भलतंच व्हायचं. बायको म्हणाली, "अहो, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, मग काय घालायचं ते घाला." गेलो. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बॅटरी लावून दोन्हीकडे नीट पाहिलं.

"कुस्ती का?"

"हो."

"बाहेरची कूर्चा पार कडक झालीय, ती आता तशीच राहणार. पण आतली नळी चांगली आहे. उजवी मोकळी, डावी थोडी अरुंद. डाव्याला लहान रबर घ्या. ढकलून बसवू नका आणि आवाज कमी ठेवा. दुखलं तर ते तुमच्या मापाचं नाही, एवढंच समजा."

इतक्या वर्षांत माझ्या कानाबद्दल चांगलं बोलणारं दुसरं माणूस भेटलं होतं. पहिले वस्ताद.

रविवारी मळ्यात न जाता मी नाशिकरोडच्याच एका छोट्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मालकाची बायको होती, पन्नाशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी आधीच सांगून टाकलं, "ताई, माझे कान असे आहेत. घालून बघितल्याशिवाय मी घेणार नाही, आणि तुमचा माल खराबही होऊ देणार नाही." आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीतला कापूस आणि स्पिरिटची बाटली काउंटरवर ठेवली.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, कानांकडे पाहिलं, चष्मा खाली घेतला. "माझे मामा खेळायचे कुस्ती," त्या म्हणाल्या. "बसा."

त्यांनी एकेक पाकीट फोडलं. पहिल्याचं रबर बरोबर बसलं, पण त्याचा मागचा भाग जाडजूड होता, तो कानाच्या कडक गाठीवर टेकायचा. पाच मिनिटांत टोचायला लागला. दुसरा हलका होता, पण त्याची वायर जड, चाललं की ओढ बसायची. तिसऱ्याचं रबर ताठ. दर वेळी ताई स्पिरिटनं रबर पुसून पाकिटात नीट ठेवायच्या आणि पुढचं काढायच्या. चौथा अगदी बारीक होता, शेंगदाण्याएवढा, आणि त्याची दांडी किंचित तिरकी. उजवीकडे मधल्या मापाचं रबर गेलं आणि बसलं. डावीकडे तेच रबर बाहेर येत राहिलं.

"थांबा," ताई म्हणाल्या. पाकिटाच्या तळातून त्यांनी रबरांची छोटी पिशवी काढली, सगळ्यात लहान जोडीतलं एक चढवलं. "आणि वायर अशी खाली नका सोडू. कानावरून मागे घ्या, चष्म्याच्या काडीसारखी."

मी तसं केलं, आणि दुकान गप्प झालं. म्हणजे रस्ता गप्प झाला, रिक्षा, पंखा, सगळंच. ताईंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. मी हात सोडले. पडला नाही. मान झटकली. पडला नाही. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, चपला काढल्या आणि काउंटरसमोरच्या मोकळ्या जागेत बैठका मारायला लागलो. गुडघा कुरकुरत होता, कुरकुरू दिला. पाच, दहा. दारात दोनचार माणसं थांबली. वीस. ताई टाळ्या वाजवून मोजत होत्या, ते मला फक्त दिसत होतं. पंचविसाव्याला मी उभा राहिलो आणि दोन्ही कानांना हात लावून पाहिला. दोन्ही जागच्या जागी!

"हाच," मी म्हणालो. बहुधा फार मोठ्यानं म्हणालो, कारण दारातली माणसं दचकली.

सोमवारी गाडीत बसलो, सरांची कॅसेट लावली. आधी पेटी आली, ती ओळखीची. आणि मग डग्गा आला. खाली पोटापाशी कुणीतरी तळहात ठेवून दाबावं तसा, गोल, ओला. धा धिं धिं धा. इतकी वर्षं हा या टेपमध्ये होता आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हता. पुन्हा धा धिं धिं धा. मग एकदम जमीन काढून घेतल्यासारखं झालं, डग्गा गप्प, वर नुसतं तिं तिं ता. खाली! हीच ती! आणि लगेच खालून तो पुन्हा वर आला, धिं धिं धा, आणि मग धा. सम. मी मांडीवर असा हात मारला की शेजारच्याच्या पत्त्यांतलं एक पान खाली पडलं. अस्वली गेलं, पाडळी गेलं, कान दुखला नाही. दर आवर्तनाला मला आधीच कळत होतं आता कुठं आहोत ते, जसं अंधारातही आपल्या मळ्याच्या बांधावर पाय बरोबर पडतो. घोटीला मी हलक्या आवाजात बंदिश म्हणायला लागलो. पत्तेवाल्यांनी डाव थांबवला. एकानं माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, मला हात मोकळे राहावेत म्हणून.

मधल्या सुट्टीत सरांसमोर गायलो. त्यांनी मुद्दाम टाळी दिली नाही. चार आवर्तनं झाली, आठ झाली. सरांनी पेटीचा भाता सोडला.

"आज कोण गातंय?" त्यांनी विचारलं, आणि घोटीच्या मित्राला फोन लावायला ऑफिसकडे निघाले.

त्या हिवाळ्यात सर निवृत्त झाले. त्यांच्या शेवटच्या गॅदरिंगमध्ये मी गायलो. पटांगणावर मंडप, समोर सगळी शाळा, तबल्यावर तेच घोटीचे तबलजी. सुरुवातीला त्यांनी माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं. पहिल्या समेवर मी आलो तसे ते सरसावून बसले. मग त्यांनी लय वाढवली, मी गेलो. आणखी वाढवली, तरी गेलो. शेवटी त्यांनी तिहाई टाकली, आणि मी तिच्याबरोबर तीनदा उडी घेऊन शेवटच्या धा वर असा उतरलो, की मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मुख्याध्यापकांनी वळून पाहिलं, पण त्यांना गप्प करायला उठले नाहीत.

तबलजींनी तबल्यावरचा हात उचलून माझ्यापुढे धरला. मी तो आखाड्यात धरतात तसा धरला, आणि ते "अरे, हळू, हळू!" म्हणून ओरडले. सर पेटीवर डोकं टेकवून हसत होते. मग त्यांनी डोळे पुसले, भाता धरला, काळी एक दाबली आणि म्हणाले, "पोरं सोडत नाहीत आता. चला पैलवान, पुन्हा पहिल्यापासून."