परत न केलेली मेमरी

२०२२ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. मे महिना होता, मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलर दिवसभर घरघरत होता, आणि त्या एका आठवड्यात मी जेवढा थकलो तेवढा बुटीबोरीच्या मिलमध्ये सगळ्या नोकरीत थकलो नसेन.

आठवीत दोनदा नापास झालो आणि शाळा सुटली. हे मी कोणापासून लपवत नाही. मिलमध्ये वायरमनच्या हाताखाली लागलो. पुढे सूत गुंडाळायच्या मशीनवर कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची पेटी उघडायला कोणी धजेना, ती मी उघडली. एक इंजिनियर नोकरी सोडून गेला, त्याच्या टेबलाच्या खणात सी भाषेचं एक पुस्तक राहिलं होतं. ते मी दोन वर्षं वहीत उतरवत बसलो. सी भाषेत मूळचे शब्द बत्तीस. तेवढी इंग्रजी मला पुरली. बाकीची नावं मी आपल्या मनानं ठेवली. माझ्या प्रोग्राममध्ये ओळीला ओळच म्हणतात आणि डब्याला डबाच, फक्त अक्षरं इंग्रजी.

मशीनचा प्रोग्राम पाच-सात माणसं वर्षानुवर्षं बदलत. कोणी कधी कोणती ओळ टाकली, कोणती काढली, याची नोंद एका जुन्या पद्धतीच्या फायलीत आपोआप होत जायची. तिला आम्ही इतिहास म्हणायचो. मिलनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा तो इतिहास वाचणारा प्रोग्रामही त्यांच्यासोबत गेला. राहिल्या नुसत्या फायली. मी म्हटलं, वाचून दाखवतो. आणि दाखवला. त्यातून माझी लायब्ररी झाली. पुस्तकांची नाही, दुसऱ्याच्या प्रोग्रामनं हाक मारली की इतिहास उलगडून हातात देणारा तयार कोड.

त्या फायलींची रीत मोठी उलटी आहे. आजची प्रत तेवढी पूर्ण लिहिलेली असते. कालची पाहिजे तर आजच्यातून काय पुसायचं आणि कुठे काय घालायचं, एवढंच टिपलेलं. परवाची पाहिजे तर कालच्यावर पुन्हा तेच. पहिल्या दिवसाला पोचायचं म्हणजे एकेक पायरी मागे उतरत जावं लागतं.

मुलानं ती लायब्ररी इंटरनेटवर टाकली. कुठले कुठले लोक वापरू लागले. कोणी कोणी सुधारणा पाठवायचे, हे असं करा, ते तसं करा. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचो: नको, धन्यवाद. अकरा वर्षांत माझ्याशिवाय कोणाची एक ओळ त्यात गेली नाही. मला त्याचा अभिमान होता. आहे म्हटलं तरी चालेल.

तर त्या सोमवारी जेवताना सून म्हणाली, "बाबा, आज मी मीटिंगमध्ये तुमच्या लायब्ररीचं नाव घेतलं."

ती मिहानमधल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. मुलगा पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. घरात आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आणि ती.

"काहून?" मी विचारलं.

"आमच्याकडे वीस वर्षांचा कोड तुमच्या त्या जुन्या फायलींत पडून आहे. नव्या पद्धतीत न्यायचा आहे. साहेब म्हणून राहिले, आजची प्रत घ्या आणि इतिहास द्या टाकून. मी म्हटलं, कसा टाकायचा? एखादी ओळ इथं कशासाठी आहे हे विचारायला जुनं माणूस एक नाही कंपनीत. तो इतिहासच आहे फक्त. मग मी शब्द देऊन आली. म्हटलं, वाचणारी लायब्ररी आहे, अकरा वर्षांत एकदाही पडली नाही."

"मी तसं सांगितलं होतं का तुले?"

"दर दिवाळीला सांगता, बाबा."

बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "झालं. आता सुनेच्या हापिसातबी ह्यायचं हे डबडं घुसलं."

"तुले काय करायचं आहे वं?"

"मले काय करायचं? पडलं तर बोलणं तिले बसन, तुमाले नाही."

साहेबानं शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर सगळ्या फायली लायब्ररीनं न अडखळता वाचल्या तर इतिहास राहणार, नाही तर जाणार.

मंगळवारी संध्याकाळी तिनं पर्स खुर्चीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, पडली."

"काय पडली?"

"लायब्ररी. हजारो फायली एकामागून एक वाचायच्या आहेत ना. दुपारपर्यंत नीट चालली. मग सर्व्हरची मेमरी भरली आणि सगळंच बसलं."

"तुमचा सर्व्हरच फाटका असन."

"सर्व्हर चांगला आहे."

तिनं मोबाइलवर एक आलेख दाखवला. मेमरीची रेघ चढत चढत वर गेलेली. "ही खाली येतच नाही, बाबा. कुठेच."

"जलमभर मीटर पाहिले मी. मले रेघा नको शिकवू."

तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि भात वाढायला घेतला. एवढंच. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी ती गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. एकच फाइल हजार वेळा वाच, असा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि चालवून पाहत बसलो. थोड्या वेळानं माउस अडकायला लागला, मग पडदा गोठला. मी पाहतच राहिलो. खरं सांगायचं तर आलेख पाहिला तेव्हाच मला कळलं होतं.

सी भाषेत मेमरी मागून घ्यावी लागते आणि काम झालं की परत करावी लागते. मागायचा एक शब्द आहे, परत करायचा एक. माझ्या सगळ्या लायब्ररीत मागायचा शब्द जागोजागी होता. परत करायचा एकदाही नव्हता.

विसरलो होतो असं नाही. मिलमध्ये त्याची गरजच नव्हती. खात्यात कापसाचे तंतू हवेत उडत राहायचे, एका ठिणगीनं आग लागायची, म्हणून नियमच होता: शिफ्ट सुटली की शेवटच्या माणसानं ऑफिसचा मेन स्विच पाडायचा. कॉम्प्युटर, पंखे, सगळं बंद. मेमरी आपोआप साफ. सकाळी कोरी पाटी. माझा प्रोग्राम एखादी फाइल वाचायचा आणि संपायचा, फार तर आठ तास जगायचा. घेतलेलं परत करा असं मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. घरीही तीच सवय, जेवायला उठलो की कॉम्प्युटर बंद. तिच्या ऑफिसातला प्रोग्राम मात्र दिवसरात्र चालतो. तिथं मेन कोणी पाडत नाही.

तिला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, आपली चूक आपण निस्तरू, मग सांगू.

दुपारभर परत करायचे शब्द टाकत गेलो. चालवला की प्रोग्राम जागीच मरायचा. कारणही समजत होतं. आजच्या प्रतीतल्या बहुतेक ओळी कालच्या प्रतीतही त्याच असतात. मी त्या दोनदा ठेवत नव्हतो. दोन्ही प्रतींना एकाच ओळीकडे बोट दाखवायला लावलं होतं. ती माझी हुशारी होती. आता आजच्या प्रतीची मेमरी परत केली की कालच्या प्रतीचं बोट रिकाम्या जागेकडे. ओळ नेमकी कोणाची, हेच मला सांगता येईना.

संध्याकाळी ती आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. "सापडलं?"

"सापडन."

"एक सांगू का, बाबा? ओळ कोणाची हे शोधूच नका. एका फायलीसाठी एकच मोठं पोतं मागून घ्यायचं. सगळ्या ओळी त्या पोत्यात. फाइल वाचून झाली की पोतंच परत. आतलं सगळं एकदम गेलं."

ती बोलली आणि मला ते तिथल्या तिथं पटलं. तेच तर वाईट झालं.

"हे कॉलेजातलं आहे," मी म्हटलं. "माह्या लायब्ररीत चालत नाही."

"काहून नाही चालत?"

"मी म्हणतो म्हणून."

बायको मधात बोलली, "पोरगी बराबर सांगून राहिली."

"तुले काय कळते त्याच्यातलं?"

"त्याच्यातलं नाही कळत. तुमचं तोंड कळते."

सून हसली. मी नाही हसलो.

गुरुवारी सकाळी माझ्या कीबोर्डवर एक पेनड्राइव्ह होता आणि त्याखाली चिठ्ठी: 'बाबा, फक्त पाहा.' पोत्याचा कोड तिनं स्वतःच लिहून ठेवला होता. तो ती ऑफिसात परस्पर लावू शकत नव्हती. त्यांचा नियम असा की बाहेरची लायब्ररी घ्यायची तर लायब्ररीच्या मालकानं जाहीर केलेली आवृत्तीच घ्यायची, हातानं बदललेली नाही. म्हणजे मी माझ्या लायब्ररीत टाकला तरच तो तिच्या कामाचा. पेनड्राइव्ह मी चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी बंद केली.

दिवसभर मी वहीत खुणा करत बसलो, कोणत्या ओळीकडे किती प्रतींचं बोट आहे त्याच्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका जागी नीट केलं की दुसऱ्या जागी मरायचा.

शुक्रवारी ती हेल्मेट हातात घेऊन दारात थांबली. "मीटिंग चार वाजता आहे, बाबा. तोवर टाकलं तरी चालेल, सर्व्हर अडकत नाही एवढं दाखवता येईल. तुमचं टाका नाही तर माझं."

"पाहतो," मी म्हटलं.

दोन वाजता माझा प्रोग्राम पुन्हा मेला. डबी समोरच होती. उघडून तिचा कोड टाकायला फार तर दहा मिनिटं लागली असती. मी उठलो आणि कूलरसमोर जाऊन आडवा झालो. डोळे मिटले. झोप लागली असं मला म्हणता येणार नाही. साडेतीन वाजले ते मला माहीत होतं. चार वाजले तेही माहीत होतं.

ती रोजच्या वेळेला आली. माठातलं पाणी प्याली. मग म्हणाली, "इतिहास टाकून द्यायचं ठरलं."

बायकोनं विचारलं, "तुले बोलले का वं?"

"नाही, आई. मीच बोलली. म्हटलं, मी नीट तपासून घेतलं नाही, चूक माझी आहे."

"माह्यं नाव नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कशाला सांगायचं, बाबा? शब्द मी दिला होता." मग ती दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली.

तिच्या बोलण्यात राग शोधत मी बराच वेळ बसलो. सापडला नाही. ती थकली होती, बस. वीस वर्षांत कोणी काय बदललं, ते सगळं आता पुसलं जाणार होतं, आणि तिच्या ऑफिसात लोकांना एवढंच कळलं होतं की या बाईनं न तपासता शब्द दिला. मी पानावर बसलो आणि अर्ध्यातून उठलो. 

दुसऱ्या दिवशी शनिवार, तिला सुट्टी. सकाळी चहा झाल्याबरोबर मी डबी उघडली. माझ्या बोटांनी न टाइप केलेली ओळ मी लायब्ररीत ठेवत नाही, म्हणून तिचा कोड पडद्यावर एका बाजूला लावला आणि पाहून पाहून दोन बोटांनी सगळा उतरवला. पन्नासच्या आत ओळी. तिनं नावं माझ्याच रीतीनं ठेवली होती. ओळ, डबा, आणि नवीन ते पोतं. तीच फाइल हजार वेळा वाचायला लावली. रेघ सपाट राहिली. आणखी हजार वेळा लावली. तशीच. तिच्या ऑफिसात याचा आता काही उपयोग नव्हता.

मग नोंद लिहिली: पहिल्या दिवसापासून मेमरी परत करत नव्हतो, चूक माझी. त्याखाली बदल कोणी केला त्याचं नाव द्यायची जागा असते. अकरा वर्षं तिथं एकच नाव पडत आलं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती.

"तुह्यं नाव काय लिहू?"

"कुठे?"

"लायब्ररीत."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. "ऑफिसात लिहिते तेच लिहा."

"म्हणजे कोणतं?"

"माहेरचं आडनाव आहे, बाबा. कागदावर बदललंच नाही मी लग्नानंतर."

सहा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणतो म्हणून. मी आत येऊन खुर्चीवर बसलो, चष्मा पुसला, आणि तिचं नाव, मग तिच्या वडिलांचं आडनाव, एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि बटण दाबलं.