लुसीबायची जागा

फ्रान्सिस वाईट माणूस आहे असं कोणाला म्हणायचं असेल, तर त्याने पाचूबंदरात येऊन म्हणून दाखवावं. जहाजावर भांडी घासायला लागलेला हा गडी मुख्य स्वयंपाकी होऊन उतरला. दारू बेताची, शिवीगाळ त्याहून बेताची, आणि बायकोवर जीव असा की बघणाऱ्याला हसू यावं. पण म्हणून त्याने केलं ते बरोबर केलं, असं मात्र माझ्याकडून कोणी वदवून घेऊ नये.

लुसी त्याची बायको. माणिकपूरच्या मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताची पहिली जागा तिची. सासूने तिला दिलेली, आणि सासूला तिच्या सासूने. या जागांचे कागद-बिगद काही नसतात, ओळीतल्या बायका मानतात म्हणून त्या असतात. बाळंतपण आलं, दुखणं आलं, तर एखादीला जागा सांभाळायला बसवायची. आपण परत आलो की ती मुकाट उठते, कुरकुर नाही काही नाही. पण चारचौघींसमोर ‘दिली’ म्हटलं की संपलं. मग ती जागा त्या घरची.

फ्रान्सिस वर्षाकाठी सुट्टीवर यायचा, तेव्हा त्याला लुसी दिसायची ती अशी: पहाटे बर्फात हात घालणारी, दुपारी जेवताजेवता पेंगणारी. बोटांना चिरा पडलेल्या. त्याचा जीव तुटायचा हो! बाजारात मात्र तीच लुसी खो खो हसायची, गिऱ्हाइकाशी भांडायची, सगळ्या ओळीची खबर ठेवायची. ते बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. व्हायचा काय, तर पोटात कुठेतरी दुखायचं. लुसी सगळ्यांची होती, आणि तो आपल्याच घरात चार दिवसांचा पाहुणा.

नोकरी संपली. मिळालेली रक्कम त्याने अशी गुंतवली की महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे येत राहतील. ते काही फार नव्हते. जहाजावरचा त्याचा जोडीदार रॉमेल फिलिपिन्सचा. तो म्हणाला, ‘आमच्या गावी ये. एवढ्या पैशांत समुद्राकाठी घर मिळेल, कपडे धुवायला बाईसुद्धा ठेवशील. चर्च तर दारातच आहे.’ झालं! फ्रान्सिसच्या डोक्यात ते जे शिरलं ते निघेचना. इथे तेवढे पैसे औषधपाण्यात, वीजबिलात आणि भाचरांच्या लग्नांत कुठल्या कुठे जातील, तिथे लुसी राणीसारखी राहील.

“आपल्याकडे समुद्र नाय काय?” लुसीने विचारलं.

“तिथे आराम मिळेल तुला.”

“आराम करून काय करू?”

तो हसला. अरे बाबा, हसतोस काय? ती खरंच विचारत होती!

मुलगा नेल्सन दुबईला. त्याने फोनवर सांगितलं, मम्मी, एक वर्ष बघ तर जाऊन. तेव्हा कुठे लुसी तयार झाली. तेही एका बोलीवर. जागा सोडायची नाही, गल्लीतल्या अँजेलिनाला सांभाळायला बसवायची.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रान्सिस केक घेऊन बाजारात हजर. सगळ्या ओळीला त्याने स्वतःच्या हाताने तुकडे वाटले. लुसीने आपला कोयता पुसला आणि म्हणाली, “अँजेलिना, माझी जागा जरा...”

“जरा काय?” फ्रान्सिस मोठ्याने बोलला. “दिली! पक्की दिली जागा, अँजेलिना. माझी लुसी आता परत मासळीला हात लावनार नाय.”

सगळ्या ओळीने ऐकलं. लुसीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कोयता अँजेलिनाच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते. फ्रान्सिसला वाटलं, आनंदाने.

फिलिपिन्सला सगळं रॉमेलने सांगितल्यासारखंच होतं, उगाच नावं कशाला ठेवा. छान घर, छान वारा, कपडे धुवायला हसरी बाई. सुरुवातीला लुसी रोज तिथल्या मासळी बाजारात जायची. एका टोकाला उभी राहून बघायची. बायका काहीतरी विचारायच्या, ती मान हलवायची, त्या हसायच्या, तीही हसायची. पण हसून हसून माणूस किती हसणार? चर्चमध्ये मिस्सेला जायची, त्या प्रार्थनेतलं ‘आमेन’ तेवढं कळायचं. अँजेलिना कधी व्हिडिओ कॉल करून बाजाराची ओळ दाखवायची, की फ्रान्सिस म्हणायचा, आता पुरे, इथे बघ सूर्य काय सुंदर मावळतोय. लुसी सूर्याकडे बघायची.

हवी तशी बायको त्याला अगदी एकट्याला मिळाली होती. आणि तिच्यापाशी बोलायला काही उरलं नव्हतं.

एका सकाळी तिने विचारलं, “आज वार कोनता?”

फ्रान्सिस चरकला. शुक्रवारी काय खपतं, सोमवारी काय पडून राहतं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण बंद म्हणून मासळीचा भाव कसा चढतो, हे ज्या बाईच्या अंगात भिनलेलं, ती वार विचारतेय! त्याने त्याच आठवड्यात परतीची तिकिटं काढली.

दोघं पाचूबंदरात परत आली. फ्रान्सिसला वाटलं, आता लुसी बाजारात जाईल, हक्काने उठवेल अँजेलिनाला. ती गेलीच नाही. मासळी लागली तर दारावरून घ्यायची. दुपारभर ओट्यावर बसून रस्ता बघायची. ती जागेचं नाव काढेल म्हणून तो वाट बघत राहिला. नाताळ झाला, ईस्टर झाला. तिने काढलं नाही, त्यानेही विचारलं नाही. शेवटी न राहवून एका सकाळी तो एकटाच माणिकपूरला गेला.

डाव्या हाताच्या पहिल्या जागेवर अँजेलिनाची नवी सून बसली होती. अँजेलिनाने त्याला बाजूला नेलं.

“अँजेलिना, त्या दिवशी मी बोललो ते चुकलो. लुसीची जागा तिला परत दे. पाया पडतो तुझ्या.”

“असं नका बोलू, फ्रान्सिसभाऊ. तुमी आलात त्याच आठवड्यात मी घरी आलती. तुमी मिस्सेला गेलतात. मी म्हटलं, लुसीबाय, उद्यापासून ये, बस. तर म्हणाली, नको. माझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर दिलीय. मी परत घेतली तर बाजार त्याला हसेल, त्याचा शब्द राहनार नाय.” अँजेलिनाने पदराने डोळे टिपले. “तरी मी थांबली. ईस्टरपर्यंत थांबली. आता सुनेला बसवलं, सगळ्यांना केक वाटला. तिला उठवू कशी, सांगा?”

आजूबाजूच्या बायका कोयते थांबवून ऐकत होत्या. फ्रान्सिस मान खाली घालून बाहेर पडला.

घरी लुसी ओट्यावर बोंबील साफ करत होती, दोघांपुरते.

“बाजारात गेलतो,” तो म्हणाला. “अँजेलिनाकडे. तुझी जागा मागायला.”

लुसीचा हात थांबला. “कोन होतं तिथे?”

“सगळ्या होत्या.”

“सगळ्यांसमोर मागितली?”

“हो. पन आता मिळनार नाय म्हणाली.”

इतके महिने जी बाई गप्प बसली होती, तिला हुंदका फुटला. “मी जीव मारून बसले घरात,” ती म्हणाली, “तुमचा शब्द राहावा म्हणून. आनि तुमी जाऊन हात पसरून आलात?”

फ्रान्सिस तिच्याजवळ ओट्यावर बसायला गेला. लुसी बोंबलांचं ताट उचलून आत निघून गेली.