भात्यावरची पाटी

तुरझा ओल्मेला स्वतःच्या नावाचा फार सोस होता, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल नुसतं गोड बोलणं मला जमत नाही. वरच्या कड्यावर तिने बांधलेला मोठा भाता होता, घराएवढा, आणि त्याच्या चौकटीवर तिच्या नावाची पितळी पाटी. रोज सकाळी भात्याला तेल द्यायच्या आधी ती पाटी राखेने घासायची. भात्याच्या दोऱ्या आणि सांधे माझ्याकडे होते. मी म्हणायचो, "बाई, अजून थोडं घासा, म्हणजे नावच पुसून जाईल."

"हेमिल, तुझं नाव कुठे लागलंय का? नाही ना? मग गप बस."

भाता खालच्या गावासाठी होता. उजेडाचे दगड जिथे सापडतात तिथे, डोंगराच्या पोटात, ते गाव आहे. पोरंबाळं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळी तिथेच राहतात, आणि नळातून येणाऱ्या भात्याच्या वाऱ्यावर जगतात.

आमच्या यंत्रकारांच्या संघाचा एक नेम आहे. नवं यंत्र सुरू करताना कर्ता त्यात आपला एक श्वास सोडतो. म्हणून कर्ता गेला की त्याला माती मिळेपर्यंत ते यंत्र सुतक पाळतं. चक्क्या थांबतात, उडत्या होड्या खुंटाला बांधून ठेवतात. आणि दोन्ही चंद्र मावळल्याशिवाय आम्ही माणूस पुरत नाही. हिवाळ्यात ते जुळायला कधीकधी आठवडा जातो. चक्की आठवडाभर थांबली तर लोक शिळं खातात. भात्याचं काय करायचं, हे तो बांधताना कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही, माझ्याही नाही.

मग तिच्या खोकल्यात रक्त दिसायला लागलं. ती तडक संघाच्या मुखियाकडे गेली. ओसवीन त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, पण नेमाच्या बाहेर पाऊल टाकणारा नव्हता.

"माझ्या भात्याला सुतकातून सोडा," ती म्हणाली.

"आज तुमचा भाता सोडला की उद्या चक्कीवाले दारात उभे. सुतक न पाळलेलं यंत्र माणसावर उलटतं, बाई. तेवढे दिवस खालची माणसं वर आणू."

"हिवाळ्यात? कड्यावर? म्हातारी माणसं तुम्ही पाठीवर घेणार की मी?"

"नेम मी केलेला नाही," ओसवीन म्हणाला. खाली बघत म्हणाला, हे मी पाहिलं.

सुतक नसलेलं यंत्र आमच्याकडे एकच. ज्याला कर्ता नाही ते. एखाद्याने दुसऱ्याची कल्पना चोरली असं ठरलं, की त्याचं नाव छिन्नीने उडवतात आणि यंत्र बेवारशी होतं. पुढच्याच सभेत तुरझा उभी राहिली आणि म्हणाली, "भात्याची झडप माझी नाही. वारलेल्या यंत्रकार कोरेनच्या कपाटातून मी ती चोरली."

मी ताडकन उठलो. ती झडप माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापली होती! पहिली तर माझ्याच बुटाच्या कातड्याची होती, तो अख्खा पावसाळा मी अनवाणी काढला.

"हेमिल, खाली बस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी बसलो.

ओसवीनने दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा तिने मान हलवली. त्याला कळलं असावं असं मला आजही वाटतं. पाटीवरचं नाव उडवायला लोक आले तेव्हा ती तिथेच उभी होती. थोडा वेळ त्यांची खटपट बघितली आणि म्हणाली, "बोथट आहे रे तुमची छिन्नी. ही माझी घ्या."

बातमी खाली पोचायला कितीसा वेळ? आम्ही पाव घ्यायला खाली गेलो तर पाववाल्या लोझाने टोपलीवर फडकं ओढलं.

"चोराला आमच्याकडे पाव नाही."

"अगं, तिच्याच वाऱ्यावर जगतेस ना!" मी ओरडलो.

"तिचा कुठला? कोरेनबाबाचा वारा तो."

"बरोबर बोलतेय ती," तुरझा म्हणाली. "चल, हेमिल."

चढताना अर्ध्या वाटेवर ती दगडावर टेकली. म्हणाली, "पाटी फार भुंडी दिसते रे." आणि लहान पोरीसारखी रडली. मला तिचा राग आला, ओसवीनचा आला, त्या पावाचासुद्धा आला. तिने माझ्याकडून वचन घेतलं, की हा भाता चालतोय तोवर तोंड उघडायचं नाही. खरं कळलं की नाव परत लागणार, आणि नावामागून सुतक.

ऐन हिवाळ्यात ती गेली. चंद्र काही केल्या एकदम मावळेनात. तेवढे सगळे दिवस ती घरात पडून होती आणि मी वर भात्याला तेल घालत होतो. संघातल्या कुणी चोराला खांदा द्यायचा नसतो. मी दिला. त्यापायी संघाच्या सभेतली माझी जागा गेली. गेली तर गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. यंदा नवे भाते बसले. दोन वेगळ्या कर्त्यांचे दोन, म्हणजे एक सुतकात असला तरी दुसरा चालेल. एवढी अक्कल आता आली. जुना भाता उतरवला त्याच दिवशी मी खालच्या गावात गेलो आणि चौकात उभं राहून सगळं सांगितलं.

लोझा आता पिकली आहे. तिने विचारलं, "मग त्या भात्याचं सुतक राहिलंच की?"

"भाताच मोडला. आता थांबवणार काय?"

तिने जरा विचार केला. मग पिठाचा हात नाकातोंडावर दाबून धरला. शेजारणीने धरला, मग तिच्या सासऱ्याने, मग सगळ्या चौकाने. मीही धरला.

तान्ही पोरं तेवढी श्वास घेत होती.