नालोंगोचे गुडघे

पडदा वर जातो तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं. मागे नालुबाले सरोवराचं राखाडी पाणी, त्याच्या अलीकडे बेटावरचं गच्च रान आणि अगदी पुढे, पत्र्याच्या छपराखाली, लोखंडी जाळीचं लांबलचक निजघर. आत उंच टांगलेल्या झोळ्यांतून एक केसाळ हात खाली लोंबतो, मग एक पाय. कुणीतरी मोठ्ठी जांभई देतं. इतक्यात डावीकडून रबरी बूट आपटत, डोक्याला पिवळं फडकं बांधलेली, बादलीएवढीच गोल अशी एक बाई हातात बादली घेऊन येते, आणि एकोणीस चिंपांझी एकदम असा कल्लोळ करतात, की पाण्यावरचे बगळे उडतात.

असा प्रवेश मिळावा म्हणून मोठमोठे नट आयुष्यभर झुरतात. नालोंगोला तो रोज सकाळी मिळायचा, तोही लापशीच्या बादलीवर.

तिचं खरं नाव नाकिबूका. पण जुळ्यांच्या आईला नावानं हाक मारायची इकडे कुणाची छाती नाही. तिला नालोंगोच म्हणायचं. बावीस वर्षांपूर्वी ती या बेटावर आली ती कामगारांचा स्वयंपाक करायला. पहिल्याच आठवड्यात एका चिंपांझिणीनं जाळीतून हात घालून तिच्या डोक्यावरचं फडकं ओढलं आणि स्वतःच्या डोक्यावर घालून ऐटीत फेऱ्या मारल्या. दुसरी एखादी किंचाळली असती. नालोंगो जमिनीवर बसकण मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "ठेव गं बाई, तुलाच शोभतंय," म्हणाली. त्या दिवसापासून तिला चुलीपाशी ठेवण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना कळलं.

शिकारी, सर्कसवाले, हौशी श्रीमंत यांच्या तावडीतून सुटून आलेली ही पोरकी पिल्लं तिनं पाठुंगळी घेऊन वाढवली. पण लाड म्हणजे लाड आणि रीत म्हणजे रीत. गांडा जमातीच्या घरात वाढलेली बाई ती. वडीलधाऱ्यापुढे गुडघे टेकायचे, मान लववायची, हुंकार देत घरच्यांची, गुरांची, शेताची खुशाली विचारायची. समोरच्यानं तशीच उलट विचारायची. मगच कामाचं बोलायचं. चिंपांझींच्या कळपाचा म्होरक्या सेबो. त्या नावाचा अर्थच मुळी 'साहेब'. त्याच्यापुढेही ती रोज सकाळी जाळीबाहेर गुडघे टेकायची.

तिचा कामावरचा सोबती ब्यारुहांगा पश्चिमेकडचा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, "नालोंगो, नवऱ्यापुढे तरी इतक्या वाकता का हो?"

"नवरा कधी इतका रुबाबदार होता?" नालोंगो म्हणायची.

मग गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात तिला बजावून सांगितलं की जमिनीवर टेकायचं म्हणून नाही. तेव्हापासून नालोंगो उभ्यानंच हात पुढे करायची. गावचा मुखिया असो, पाद्री असो, नावाडी असो, सगळ्यांना हस्तांदोलन. सेबोला लांबूनच, "काय सेबो, बरं ना?"

"मंत्री झाल्या आमच्या नालोंगो!" ब्यारुहांगा म्हणायचा.

आणि त्याच काळात सूबी आली.

सहा वर्षांची चिंपांझीची पोर. काठावरच्या कुठल्याशा हॉटेलात तिला झगा घालून दारात उभी करत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हात द्यायचा, की गोड सरबताची बाटली मिळायची. कमरेला साखळीचा वळ होता. होडीतून उतरली आणि दोन पायांवर ताठ उभी राहून तिनं प्रत्येकापुढे उजवा हात केला. सगळे विरघळले. नालोंगोनं तो हात धरला तो आठ महिने सोडला नाही. नालोंगो झाडू मारी, की सूबी काटकी घेऊन मारी. नालोंगो फडकं पिळी, की सूबी केळीचं पान पिळी.

कळपातल्या दोन मावश्यांनी तिला लवकरच पोटाशी घेतलं. अडला तो सेबो. त्यानं मान्य केल्याशिवाय कळप नाही, आणि कळपाशिवाय रान नाही. दोनदा त्याच्याशी गाठ घालून दिली. दोन्ही वेळा तो फुगून अंगावर धावला आणि सूबी छोट्या झरोक्यातून जेमतेम निसटली.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी बेटावरच्या प्राण्यांच्या डॉक्टर आचान म्हणाल्या, "आज नाही जमलं, तर तिला मागच्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल."

"किती दिवस?"

"दिवस नाही, नालोंगो. आयुष्यभर."

"आणि रान?"

"जाळीतून दिसेल." डॉक्टरांनी दाराची कडी हातात घेतली. "आता कुणी हलायचं नाही. कुणी आवाज करायचा नाही."

मधलं दार सरकलं. पलीकडे सेबो, हात छातीशी घेऊन डोंगरासारखा बसलेला. सूबी आत आली. त्याच्यासमोर दोन पायांवर ताठ उभी राहिली आणि तिनं उजवा हात पुढे केला.

सेबोचे केस उभे राहिले. खांदे दुप्पट झाले.

"याला ती उद्धट वाटतेय," ब्यारुहांगा कुजबुजला. "लहान पोरीनं म्होरक्यासमोर वाकायचं असतं ना!"

पोरीला वाकायला शिकवलं कुणी होतं? हॉटेलात हात शिकवला. आणि इथं आल्यापासून रोज तिनं काय पाहिलं? ज्या बाईची ती सावली होती, ती बाईही सगळ्यांना ताठ उभी राहून हातच देत होती! गुडघ्यांचं निमित्त करून नालोंगोनं स्वतःच्याच लेकीला बिनरीतीची वाढवली होती.

"नालोंगो, जागच्या हलू नका!" डॉक्टर ओरडल्या.

पण नालोंगो जाळीपाशी पोचलीही होती. खांबाला धरून तिनं आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा. दोन्ही कडकडले. मान लववली, आणि पोटातून, चिंपांझी थोरांपुढे काढतात तसा, दबका हुंकार काढला. "हुं, हुं, हुं, हुं..."

सूबीनं वळून पाहिलं. बाईकडे. आपल्या पुढे केलेल्या हाताकडे. पुन्हा बाईकडे. मग तो हात हळूच खाली आला, गुडघे दुमडले, पोट जमिनीला लागलं, आणि त्या इवल्या छातीतून पहिल्यांदाच फुटका, घोगरा सूर निघाला. "हुं... हुं... हुं-हुं..."

सेबो पुढे सरकला. त्यानं ते भलंमोठं बोट तिच्या डोक्यावर ठेवलं, तिथला एक केस बाजूला केला, काहीतरी बारीक वेचलं आणि तोंडात टाकलं. उभे केस एकेक करून खाली बसले.

मावश्या नाचतच आत शिरल्या. झोळ्यांतून, जाळीवरून, छपराखालून सगळा कळप ओरडू लागला, आणि ब्यारुहांगानं रिकामी बादली अशी बडवली की तिचं बूड निघालं. डॉक्टर रडत होत्या आणि हसत होत्या. रानाकडचं मोठं दार वर गेलं. सूबीनं उंबऱ्यावर थबकून गवताला हात लावून पाहिला, मग मावशीच्या पाठीवर चढली आणि हिरव्यात दिसेनाशी झाली. सेबो तेवढा दारातच बसून राहिला, सगळ्यांकडे पाठ करून, सावकाश पाठ खाजवत.

नालोंगो अजून गुडघ्यांवरच होती.

"चला, द्या हात," ब्यारुहांगा म्हणाला. "डॉक्टर, तिकडून धरा. एक, दोन..."

"हात नको लावूस, मेल्या!" नालोंगो म्हणाली. "मी एवढा वाकून नमस्कार केला, आणि साहेबांनी अजून माझ्या घरच्यांची खुशाली नाही विचारली. ती विचारल्याशिवाय उठते होय मी!"