टाकीच्या कट्ट्यावरच्या उड्या

माझं शिक्षण चौथी. पण कबड्डी मला कोणी शिकवायची नाही, हे आजही सांगतो. डोंबिवलीत मानपाड्याला कारखान्याच्या संघातून बारा वर्षं खेळलो. मैदानात शिरताना मातीला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि भिडायचं. आधी अंग मोकळं करत बसणाऱ्याला आम्ही म्हणायचो, "नवरी नटतेय." त्याच काळात माझा डावा गुडघा गेला. पण तो नशिबाने गेला, असंच मी धरून चाललो.

नात चौदा वर्षांची, शाळेच्या संघात. त्यांना शिकवणाऱ्या ताई खेळाआधी वीस मिनिटं मुलींना एका पायावर उभं करायच्या. मग उड्या, त्याही खाली येताना गुडघे वाकवून, आवाज न करता. मी कुंपणापाशी उभा. राहवलं नाही.

"ताई, कबड्डी शिकवताय की बगळे पाळताय?"

मुली हसल्या. ताईपण हसल्या. "आजोबा, आत या. दहा मोजेपर्यंत बगळा होऊन दाखवा."

गेलो नाही. दहापर्यंत टिकलो नसतो, मला ठाऊक होतं.

तो राग डोक्यात धरून मी संध्याकाळी नातीला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावरून उड्या मारायला लावलं. "गुडघा ताठ! वाकायचं नाही. रोज तीस." आम्ही असेच पाय घट्ट केलेले. आठवड्याभरात ती म्हणाली, "आबा, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय."

"मुरगळलं असेल. ताईंना बोलू नको, जिल्हा संघाच्या निवडीतून काढतील." आणि तेल चोळून दिलं.

निवड ठाण्याला होती. सकाळपासून मी मैदानाच्या कडेने फेऱ्या घालत होतो. चहा घेतला, तसाच ठेवला. सून म्हणाली, "बाबा, बसा ना एका जागी. खेळायचंय तिला, तुम्हाला नाही."

कसा बसणार? मुली उड्या मारून अंग मोकळं करत होत्या. बाकीच्या कापसासारख्या उतरत होत्या, आमची धप्प. प्रत्येक धप्पला तिचा गुडघा आत कलायचा. पोर तोंड मिटून होती. माझ्या शब्दाखातर.

तिच्या आधी दोनच मुली उरल्या, तेव्हा मी दोरी ओलांडून आत गेलो.

"ताई, तिचा गुडघा दुखतोय. मीच उड्या मारायला लावल्यात. टाकीवरून. ताठ पायाने."

ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला खाली बसवलं, वाटीखाली अंगठा दाबला. ती कळवळली. यादीतून नाव कमी झालं.

परतीच्या बसमध्ये ती आईजवळ बसली. "सांगायचंच होतं तर आधी सांगायचं ना, आबा." एवढंच बोलली.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी उड्या बंद केल्या, पायाचे व्यायाम दिले. ताईंना भेटायला गेलो तर म्हणाल्या, "चुकीचं तुम्ही शिकवलंत, आता बरोबरही तुम्हीच करून दाखवा. रोज, तिच्यासोबत."

आता रोज संध्याकाळी भिंतीला बोट टेकवून मी एका पायावर उभा राहतो. शेजारी ती, भिंतीशिवाय. एरवी फारशी बोलत नाही, आकडे मात्र मोठ्याने मोजते.

"चार... आबा, गुडघा आत पडतोय. परत एकपासून."

पुढच्या निवडीला ती उतरेल का, हे विचारायची माझी छाती नाही. मी परत पाय उचलतो.