धुतलेली वासरी

माझं माहेर कर्जतकडचं. तिकडं विहिरीला पाणी लागलं तर लोक गावभर गूळ वाटतात. मला प्रवरेच्या काठी, संगमनेरच्या खालच्या अंगाला दिली तेव्हा आई म्हणाली, "पोरी, पाण्याचं सुख लागलं तुला." सुख कसलं डोंबलाचं! लढाईचे दिवस, दिव्यात घालायला रॉकेल मिळेना, आणि त्यात नदी घरात शिरली.

अख्खं गाव टेकाडावर, चर्चच्या आवारात जाऊन बसलं. माणसं वाचली. ह्यांनी दावी कापून गुरं सोडली आणि आठवड्याची वासरी खांद्यावर टाकून वर आणली. तिची आई मात्र धारेत वाहून गेली. त्या गाईची आई माझ्या सासूबाईंबरोबर त्यांच्या माहेराहून आलेली. तिच्या वंशाचं आता एवढंच उरलं होतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई कडक, गावात कुणाला न दबणारी. पण त्या दिवशी ती भिजलेली वासरी मांडीवर घेऊन "पी गं माझे बाय, पी" करत बसल्या होत्या. चिंधी दुधात बुडवून दिली, बोट चोखायला दिलं. वासरी तोंड फिरवायची. दुसऱ्या दिवशी तिला उभंही राहवेना.

चर्चच्या मागं मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचं घर होतं. पावसानं त्यांच्या गोठ्याची भिंत बसली आणि गाईचं वासरू खाली सापडून मेलं. गाय सारखी हंबरत होती, कास तटतटलेली. मास्तरीण आपण होऊन आमच्याकडं आली. म्हणाली, "द्या हिला माझ्याकडं. बघू, गाय घेती का."

तिचं वासरू ज्या गोणपाटावर बसायचं ते तिनं आणलं आणि वासरीच्या अंगावर खसाखसा घासलं. मग तिला गाईपुढं उभी केली. गाईनं हुंगलं, थांबली, परत हुंगलं आणि चाटायला लागली. वासरी ढुशा द्यायला लागली, तोंडातून फेस गळायला लागला. मी त्या गाईला तिथंच हात जोडले.

पाणी ओसरलं, आम्ही खाली घरी आलो. वासरी वर न्यायची, पाजायची आणि घरी आणायची, हे काम माझं. पहिल्याच संध्याकाळी आत्याबाई दारात पाण्याची घागर घेऊन उभ्या. मास्तरीण ख्रिस्ती होती, आणि तिची माणसं मूळची गावकुसाबाहेरची, हे गाव विसरलं नव्हतं. "तिकडनं आलीया. तशी न्हाई घ्यायची आत," म्हणाल्या, आणि वासरीला चांगली चोळून चोळून अंघोळ घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरात त्यांच्याच चर्चच्या आवारात बसताना विटाळ कुठं गेला होता? पण नव्या सुनेला तोंड कुठलं!

सकाळी गाईनं हुंगलं आणि अशी लाथ झाडली की वासरी भिंतीवर आपटली. परत लावली, परत लाथ. मास्तरणीनं वासरीच्या मानेला नाक लावलं.

"धुतली व्हय हिला?"

"आत्याबाईंनी," मी म्हटलं.

का धुतली ते तिनं विचारलं नाही. तिला ठाऊकच होतं. एवढंच म्हणाली, "गोणपाट तर मी काल टाकून दिलं गं. आता वासरी हितंच ठिवावी लागंल, आन् कुनीतरी जवळ बसावं लागंल."

मी तरातरा घरी आले. म्हटलं, "आत्याबाई, विटाळ पाळायचा का वासरी जगवायची, एक काय ते ठरवा. गाय लाथ मारती तिला." मी एवढं बोलले ह्याचं मलाच नवल वाटलं. आता थोबाडीत बसणार म्हणून डोळे मिटले. उघडले तर आत्याबाई मडक्यातून मूठभर मीठ घेऊन दाराबाहेर पडल्या होत्या.

मास्तरणीनं गाईचं दूध काढून वासरीच्या अंगाला चोळलं, वर गोठ्यातलं शेण-मूत फासलं. आत्याबाईंनी पाठीवर मीठ लावलं. एक गाईचं तोंड धरायची, दुसरी वासरीला पुढं करायची. लाथा बसल्या, आत्याबाईंच्या नडगीला चांगलीच बसली. "मर मेले," म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. दुपार कलली. मिठासाठी का होईना, गाईनं एकदा जीभ लावली. मग दुसऱ्यांदा. मग मान लांब करून पोटापर्यंत चाटत गेली आणि मागचे पाय फाकवून उभी राहिली. वासरी कासेला लागली.

हुश्श! मी तर रडायलाच लागले. आत्याबाई भिंतीला टेकून शेणातच बसल्या. मास्तरीण म्हणाली, "झालं आता. तुमी जावा घरी, मी बघते." बोलताना ती गाईकडं बघत होती, आणि तिचेही डोळे भरले होते.

आत्याबाई उठल्या नाहीत. पूर आल्यापासून आम्ही सगळे आमच्याच वासरीचं बोलत होतो. त्यांनी मास्तरणीकडं पाहिलं आणि विचारलं, "तुझं काय हुतं गं बाई? गोऱ्हा का कालवड?"

"गोऱ्हा हुता," मास्तरीण म्हणाली. "तांबडा. मी हाक मारली की पळत यायचा."

"बस जरा," आत्याबाई म्हणाल्या आणि सरकून तिला जागा केली. "सांग मला त्याचं."