सुमनआत्याची पॉवर

घरात एखादं कचेरीचं काम निघालं, की काम राहतं बाजूला आणि किस्सेच साचत जातात. आमच्याकडं ते साचले सुमनआत्याच्या मुखत्यारपत्रापायी. सगळे त्याला 'पॉवर'च म्हणतात. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. निवृत्त नर्स, लग्न केलं नाही, गारखेड्यात एकटी राहते.

हात थरथरायला लागले आणि बँकेतून पेन्शन निघेना. कॅशियर म्हणाला, "आजी, सही जुळत नाही."

"नोकरीला लागले तवाची सही हाय ती! चेहरा तरी जुळतोय का बघा!"

आम्ही रिक्षानं परतलो. उतरताना म्हणाली, "आता कुणाच्या तरी हाती द्यावंच लागंल."

*

कुणाच्या? माझा भाऊ मिलिंद इस्त्रीचा शर्ट घालून हजर! आत्या म्हणाली, "तू लई मायाळू हायेस रे बाबा. पण कुणी समोर रडलं की पाकीट काढतोस. पॉवर हिला."

तिचं बोट माझ्याकडं होतं. मिलिंद म्हणाला, "सुटलो!" आणि अजून एक चहा मागितला.

*

उस्मानपुऱ्यातल्या वकिलांनी मसुदा वाचून दाखवला. 'घर विकण्याचा अधिकार' आलं तशी आत्या म्हणाली, "ते खोडा."

"आजी, हा ठरलेला नमुना असतो."

"नमुना तुमचा, घर माझं!"

वकिलांनी खोडलं. वर हेही सांगितलं, की पटलं नाही तर पॉवर रद्द करता येते. आत्या माझ्याकडं वळली. "ऐकलंस ना नीट?"

*

रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी मला दाराबाहेर उभं केलं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, दबाव वगैरे आहे का?"

"हाय की साहेब! सकाळीच बीपीची गोळी घेतली."

साहेब आधी चपापले, मग खो खो हसले! फोटो, अंगठा, शिक्का. बाहेर येऊन आत्या उसाच्या रसाचा अख्खा ग्लास प्यायली.

*

दिवाळीच्या तोंडावर ती न्हाणीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन निघालं. एफडी मोडायला, दवाखान्यात भरायला माझीच सही चालली. पैशासाठी कुठं अडलं नाही. तरी थिएटरबाहेर मिलिंद आणि मी एकमेकांकडं बघत नव्हतो.

आत्या शुद्धीवर आली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "आजी, दुखतंय का?"

आत्यानं डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं.

"दुखणं तेवढं माझ्याकडं ठेवलंय, डॉक्टर. बाकी सगळं हिला दिलंय!"